‘दार’वरचा चढा सूर

शनिवारी सकाळी आठ वाजता मेखेलनच्या नगरभवनातून वीर्लाला फोन आला. संध्याकाळी सहाला पहिली पाळी तिची. काय वाजवणार ते आणि परीक्षकांसाठी स्वरलिपीच्या पाच प्रती दुपारी तीनपर्यंत आणून द्यायच्या. तीननंतर बदल चालणार नाही.

शहराचा घंटावादक, म्हणजे मनोऱ्यातल्या लहानमोठ्या घंटांवर गाणी वाजवणारा, हिवाळ्यात निवृत्त झाला होता. त्याच्या जागेसाठी आलेल्या अर्जांतून दोन नावं उरली. एक वीर्ला, अकरा वर्षं त्याची मदतनीस. दुसरा अँटवर्पचा कोर्नील, वयाने लहान आणि हाताने जलद. तो जलद आहे हे वीर्ला स्वतःच सगळ्यांना सांगे, म्हणजे मागून कोणाला कुजबुजावं लागू नये. जागा हुकली तर मदतनिसाचं कामही जाणार होतं. नवा घंटावादक आपला मदतनीस बरोबर आणतो, अशी रीत आहे.

परीक्षा साधी होती. उमेदवाराने मनोऱ्यावर चढून वाजवायचं. पाच परीक्षक जुन्या गावात कुठेतरी बसून ऐकणार. ते कुठे बसलेत हे वाजवणाऱ्याला सांगायचं नाही, आणि कोण वाजवतंय हे त्यांना सांगायचं नाही. नावं कळणार ती नंतर, मुलाखतीच्या खोलीत.

अडचण होती ती अंतराची. घंटा एकदा वाजली की हात ठेवून थांबवता येत नाही. मनोऱ्याखाली प्रत्येक टोला सुटा ऐकू येतो. चार गल्ल्या पलीकडे मोठ्या घंटांचा घुमारा लहान घंटांना गिळून टाकतो. वर बसलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. वीर्लाला दोनपैकी एक निवडायचं होतं. एक लग्नातला नाच, तिने स्वतः बांधलेला, इतका जलद की दोन्ही मुठी आणि दोन्ही पाय कामाला लागत. दुसरं ‘नावाड्याची बायको’ हे जुनं संथ गाणं. मांडणी तिची, चाल गावाची.

दोन्ही खाली उभं राहून ऐकायची सोय मात्र होती. मनोऱ्यात घंटांच्या खालच्या मजल्यावर माणसाच्या उंचीचं पितळी पिंप आहे. त्यावर खुंट्या बसवलेल्या असतात. पिंप फिरलं की खुंट्या तारा ओढतात आणि घंटा आपोआप वाजतात. ईस्टरला पिंपावरच्या खुंट्या बदलतात. यंदा ते काम वीर्लाने एकटीने केलं होतं आणि हीच दोन गाणी बसवली होती. तासाला नाच, अर्ध्या तासाला ‘नावाड्याची बायको’. तेव्हा दिवसभर गावात हिंडायचं, ठिकठिकाणी थांबून ऐकायचं आणि तीनच्या आत ठरवायचं, असं तिने ठरवलं. बरोबर दिमफ्नाला घेतलं.

दिमफ्ना तिची शाळेपासूनची मैत्रीण. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. जुन्या गावात गाड्यांना बंदी असल्यामुळे तिचं तिकडे फारसं जाणं होत नाही.

“मला सा कळत नाही नि रे कळत नाही,” ती मनोऱ्याखाली उभी राहून म्हणाली. “माझं काय लोणचं घालणारेस?”

“म्हणूनच आणलं तुला. कान असलेले पाच जण संध्याकाळी बसणारच आहेत. मला बिनकानाचं एक माणूस हवंय.”

“सकाळी सकाळी किती गोड बोलतेस गं.”

नऊ वाजले. नाच सुरू झाला. चौकात बाजार भरत होता. कोंबड्या भाजणाऱ्याचा गाडा, फुलवाल्या बायका, ताडपत्र्या ओढणारी माणसं. त्या सगळ्या गलक्यातून एकेक टोला खाली येऊन पडत होता, फरशीवर काचेच्या गोट्या पडाव्यात तसा.

“झकास,” दिमफ्ना म्हणाली. “हेच वाजव. चल, कॉफी पिऊ.”

“इथे सगळंच झकास लागतं. परीक्षक इथे नाही बसायचे. भाजलेल्या कोंबडीच्या वासात कोण बसेल?”

“मी बसेन.”

दोघी नदीकडे निघाल्या. डाइलेच्या काठाने, मासळीबाजारावरून, जुन्या लाकडी घरांच्या समोरच्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तिथे साडेनऊचं संथ गाणं ऐकायचं होतं. वाटेत कोर्नीलचा विषय निघाला.

“अँटवर्पचा माणूस आमच्या मनोऱ्यावर,” दिमफ्ना म्हणाली. “माझे वडील असते तर दगड घेऊन चढले असते.”

“तुझ्या वडिलांना गुडघे कुठे होते?”

“दगड घेऊन हळूहळू चढले असते. वाजवतो कसा तो?”

“चांगला. फार चांगला.”

“अगं, निदान माझ्यासमोर तरी ‘बरा’ म्हण.”

“बरा वाजवत असता तर मी आज घरी झोपले असते.”

एक नाव गेली. नावेतल्या कोणीतरी हात केला, त्यांनीही केला. शेजारी एक परदेशी जोडपं मनोऱ्याकडे फोन धरून बराच वेळ उभं होतं. मग फोन खाली घेऊन ते निघून गेलं. वीर्लाने घड्याळ पाहिलं. दहाला वीस मिनिटं कमी होती.

“वाजलं?” तिने विचारलं.

“काय?”

“साडेनऊचं. वाजून गेलं?”

दिमफ्नाने तोंडावर हात ठेवला. “तरीच ती दोघं वर बघत होती! मला वाटलं, छपरावर मांजर अडकलंय.”

मेखेलनमध्ये जन्मलेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते. पाळण्यात असल्यापासून दर पाव तासाला डोक्यावर घंटा वाजते, गाणी फक्त दिवसा पण टोले रात्रीही. कान ती आत येऊ देत नाहीत. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही, आणि घरमालक सकाळी त्याला विचारतो, कसली घंटा? वीर्लाला हे ठाऊक होतं. त्यात आपण स्वतःही आलो, हे तिला त्या धक्क्यावर कळलं. वाजवताना ती ऐके. खाली आल्यावर ती इतरांसारखीच बहिरी होती.

“फोनला गजर लाव,” दिमफ्ना म्हणाली. “दोन मिनिटं आधीचा. गजर झाला की दोघींनी तोंड बंद करायचं. मी माझ्या शिकाऊ पोरांना हेच सांगते, बोलायचं असेल तर आधी गाडी उभी कर.”

दहा वाजता त्या जोगिणींच्या जुन्या वस्तीत होत्या. तिथल्या गल्ल्या दोन माणसं शेजारी चालली की भरतात, भिंती पांढऱ्या आणि उंच. गजर झाला, दोघी गप्प उभ्या राहिल्या. मनोऱ्यावर नाच सुरू झाला असणार. गल्लीत जे पोचलं ते सूप होतं. मोठ्या घंटांचा घुमारा भिंतीवरून भिंतीवर आपटत राहिला आणि लहान घंटा त्यात बटाट्यासारख्या वर-खाली होत होत्या.

“हे तेच का मघाचं?” दिमफ्नाने विचारलं.

“तेच.”

“हे नको वाजवू बाई.”

एका खालच्या खिडकीत एक म्हातारी बाई जिरेनियमला पाणी घालत होती. वीर्लाने तिला विचारलं, “आजी, आत्ता काय वाजलं?”

“दहा,” ती म्हणाली.

“नाही, गाणं कुठलं होतं?”

“गाणं होतं?” म्हातारीने झारी खाली ठेवली. “कोणी गेलंय का?”

साडेदहाचं संथ गाणं ऐकायला त्या तिथेच थांबल्या. वीर्ला भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभी राहिली. तिचं सगळं लक्ष मोठ्या घंटांकडे होतं: घुमारा किती वेळ राहतो, पुढच्या ओळीवर चढतो का. नाही चढला. ओळ संपायची, घुमारा विरायचा, मग दुसरी ओळ यायची. गल्लीला सगळी ओळ पचवायला वेळ मिळत होता.

“हे समजतं,” दिमफ्ना म्हणाली. “शब्दसुद्धा आठवतात. ‘डाइलेवर धुकं, दार लावू नको.’ आई म्हणायची.”

“जवळून कंटाळवाणं होईल का पण?”

“मला विचारू नकोस. मला घरात ऐकलेल्या सगळ्याच गाण्यांचा कंटाळा येतो.”

अकरा आणि साडेअकरा त्यांनी धान्यबाजाराच्या बाजूला आणि दारू गाळायच्या जुन्या वाड्यामागे ऐकले. तिथे दारूची पिंपं उतरवणारी गाडी उभी होती, त्यामुळे साडेअकराचं निम्मंअर्धंच कानावर आलं. तरी कौल तोच होता. जवळ नाच सरस, लांब संथ गाणं. परीक्षक लांब बसले तर नाचाने ती बुडणार. जवळ बसले तर संथ गाण्याने कोर्नीलपुढे फिकी पडणार. निम्मा दिवस चालून प्रश्न होता तिथेच होता.

दुपारी बाराला त्या पुन्हा चौकात आल्या. बाजार उठायच्या बेतात होता. दिमफ्नाला चीज घ्यायचं होतं म्हणून त्या सेराफिनच्या ठेल्यापाशी रांगेत उभ्या राहिल्या. सेराफिन साठीचा, लाल गालांचा. त्याची बायको नेल पैसे घेते. तो तारेने चीजचा मोठा वाटोळा गोळा कापत होता आणि कापता कापता गुणगुणत होता.

वीर्लाने दिमफ्नाचं मनगट धरलं. “ऐक.”

“काय?”

“‘नावाड्याची बायको’ गुणगुणतोय.”

सेराफिनने वर पाहिलं. “मी? कोण म्हणतं? मला गाणीबिणी येत नाहीत, घंटेवाल्या बाई.”

“आत्ता गुणगुणत होतात तुम्ही.”

“दिवसभर चालतं त्यांचं,” नेल म्हणाली. “ईस्टरपासून. मी घरात रेडिओ लावते, त्यावर हे. वेड लागायची पाळी आलीये.”

“कुठे ऐकलंत?” वीर्लाने विचारलं.

“ऐकलं नाही कुठेच,” सेराफिन म्हणाला. “येतं तोंडात.” आणि त्याने ते मोठ्याने म्हणून दाखवलं, शब्दांसकट. “डाइलेवर धुकं, दार लावू नको...”

वीर्ला हसली. “छान. पण ‘दार’वर सूर खाली येतो. तुम्ही वर नेलात.”

“वरच जातो.”

“खाली येतो, सेराफिन. दोनशे वर्षं खाली येतोय.”

“अहो, वर जातो. दाऽर!” त्याने तारेसकट हात उंचावला. “नेल, सांग यांना.”

“वर,” नेल म्हणाली, सुटे मोजत.

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने घसा खाकरला आणि हलक्या आवाजात ओळ म्हटली. त्यानेही ‘दार’ वर नेलं. त्याच्या पुढची बाई म्हणाली, “बरोबर. असंच आहे.” तिला विचारलं, कुठे ऐकलं. तिने खांदे उडवले.

“बाई, तुम्ही वाजवता, तुम्हाला काय सांगायचं,” सेराफिन समजुतीच्या सुरात म्हणाला. “पण असतं एखाद्याचं चुकीचं पाठ. लाजायचं कारण नाही.”

वीर्ला आता हसत नव्हती. ती दिमफ्नाला म्हणाली, “साडेबारापर्यंत इथून हलायचं नाही.”

साडेबारा झाले. दोघी मनोऱ्याच्या पायथ्याशी, तोंड वर करून उभ्या राहिल्या. पहिली ओळ आली: डाइलेवर धुकं. मग ‘दार’. सूर वर गेला.

तो इतका उघड वर गेला की दिमफ्नालाही कळलं. “अगं, गेला की वर,” ती म्हणाली. मग तिने वीर्लाचा चेहरा पाहिला. “याचा अर्थ काय?”

“एक खुंटी चुकीच्या भोकात बसलीये. मी बसवलेली.”

“सकाळी तर आपण ऐकलं, त्या गल्लीत.”

“सकाळी मी घुमारा ऐकत होते. सूर मला पाठ आहे. पाठ असलेलं कोण ऐकतं?”

ईस्टरपासून, दिवसा दर तासाला एकदा, साऱ्या जुन्या गावावर. तिने हिशेब केला नाही. ती मनोऱ्याच्या दाराकडे चालू लागली.

चढताना दिमफ्ना तीनदा बसली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “तू पुढे हो. मला इथेच पुरा.” तरी ती आली. पिंपाच्या खोलीत अंधूक उजेड होता, तेलाचा वास होता. वीर्लाने दिवा लावला, पिंपाला वळसा घातला आणि एका जागी बोट ठेवलं. खुंट्यांच्या ओळीत एक खुंटी शेजारच्या रांगेत होती. शेजारची रांग म्हणजे शेजारची घंटा. एक भोक इकडचं तिकडे.

“ही,” ती म्हणाली.

“किती वेळ लागतो हलवायला?”

“पाच मिनिटं.”

“आणि परीक्षक?”

“गाडीने येतायत. तीनपर्यंत पोचतील.”

दिमफ्नाने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला पाना काढून तिच्या हातात दिला. “मग बघतेस काय? हलव. गावात कोणाला कळणार नाही, आणि ज्यांना कळेल ते अजून गाडीत आहेत.”

वीर्लाने पाना खुंटीच्या नटाला लावला. नट सैल करायला जोर लागत नाही. तिने तो अर्धा फिरवला. मग थांबली.

“काय झालं?”

“सेराफिन.”

“त्याचं काय? सोमवारी तो खाली नेईल. त्याच्या तोंडात जे येईल ते तो म्हणतो.”

“अकरा वर्षं मी इथे वाजवतेय, दिम. दर सोमवारी संध्याकाळी, लग्नांना, मिरवणुकांना. कोणी एकदा तरी म्हटलं का, अमुक ओळ चांगली होती? तूसुद्धा नाही.”

“मला सा...”

“कळत नाही. माहितीये. पण आज चीजच्या ठेल्यावर चार जण माझ्याशी भांडले. माझ्या एका सुरावरून. मी घातलेल्या.”

“चुकून घातलेल्या.”

“चुकून. तरी ऐकलं त्यांनी.” तिने खुंटीकडे पाहिलं. “आणि तो वर गेलेलाच बरा लागतो. खाली आला की गाण्यातली ती बाई रडते. वर गेला की ती विचारते.”

दिमफ्ना पिंपाला टेकून उभी राहिली. गाडी शिकवताना तिच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि तो कधी दाबायचा हे तिला कळतं. “आता मी बोलते,” ती म्हणाली. “पिंप लावणं हे त्या नोकरीतलं निम्मं काम आहे, तूच सांगितलंस. आज ते माणूस निवडायला येतायत. मनोऱ्यावर अर्ध्या तासाला तुझी चूक वाजणारे. सेराफिनला मत नाही, नेलला नाही, मला नाही. मत आहे त्या पाच जणांना.”

“बरोबर आहे.”

“मग?”

वीर्लाने नट घट्ट केला. पाना खिळ्यावर टांगला. “मी ‘नावाड्याची बायको’ वाजवणार आहे,” ती म्हणाली. “आणि ‘दार’वर सूर वर जाणार आहे.”

“नोकरी गेली तर?”

“तर कोर्नील ही खुंटी काढेल. त्याला अधिकार असेल. मला आज काढायची नाही.”

दिमफ्नाने जिन्याकडे पाहिलं. “बरं. मग तो जिना उतरायला मला कोण उचलणारे ते सांग.”

प्रती काढायच्या दुकानात वीर्लाने स्वरलिपीचे पाच संच काढले आणि प्रत्येकावर त्या एका जागी काळ्या शाईने सूर बदलला. दिमफ्ना शेजारी उभी राहून पाहत होती. तिचं मत असं, की कागदावर लिहिल्यावर ती चूक राहत नाही, मांडणी होते. गाणं तिने मांडलेलं आहे, सूरही तिनेच मांडलेला, आता कोण काय बोलणार?

“विचारतील,” वीर्ला म्हणाली. “जुनं गाणं आहे, पाचही जणांना पाठ असेल.”

“विचारलं तर म्हण, सुचलं.”

“बघू.”

तीनला दहा मिनिटं असताना त्या नगरभवनात पोचल्या. कोर्नील तिथे आधीच होता, हातात सायकलचं हेल्मेट, केस घामाने चिकटलेले. चिटणीसबाईंनी दोघांचे कागद घेतले आणि त्या आत गेल्या. कोर्नील पायऱ्यांवर या दोघींबरोबर आला.

“सकाळपासून तुमच्या गावात फिरतोय,” तो म्हणाला. “पाय गेले माझे.”

“अँटवर्पला गल्ल्या नसतात वाटतं,” दिमफ्ना म्हणाली.

“असतात. पण चंद्र उगवला की आम्ही बादल्या घेऊन नाही धावत. तेवढा वेळ वाचतो.”

मनोऱ्यावर चांदण्यातलं धुकं पाहून आग समजलेल्या पूर्वजांचा उल्लेख मेखेलनच्या माणसाला महिन्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. दिमफ्ना हसली, टोमणा चांगला बसला होता. कोर्नील वीर्लाकडे वळला.

“पिंप छान लावलंय. नाच तर फारच. त्या संथ गाण्यात ‘दार’वरचा सूर वर नेलाय. मुद्दाम ना?”

दिमफ्नाने वीर्लाच्या पायावर आपला पाय ठेवला आणि दाबला.

“नाही,” वीर्ला म्हणाली. “खुंटी चुकीची बसली. मला आज कळलं.”

कोर्नीलने तिच्याकडे पाहिलं. “आज?”

“साडेबाराला.”

“आणि तसाच ठेवलाय.”

“तसाच. संध्याकाळी वाजवणारही तसाच.”

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “तुम्ही मला हे सांगायला नको होतं,” तो म्हणाला. “मी खोटं बोलत नाही, कोणी विचारलं तर.”

“बोलू नका.”

तो गेल्यावरच दिमफ्नाने वीर्लाच्या पायावरून आपला पाय काढला. मग म्हणाली, “तुला गाडी चालवायला मी शिकवलं नाही, हे किती बरं झालं.”

सहा वाजता वीर्ला वर होती. दिमफ्ना चौकात कॅफेच्या बाहेरच्या टेबलावर बसली. बाजार आवरून सेराफिन आणि नेलही आले होते. मुलांनी फुटबॉल मांडला होता. गाणं सुरू झालं. वरून येणारी ओळ पिंपापेक्षा सावकाश होती, तिला माणसाचा हात होता. ‘दार’ आलं, सूर वर गेला आणि तिथे क्षणभर थांबला. पिंप कधी थांबत नाही.

चौकात कोणी मान वर केली नाही. वेटर बशा उचलत राहिला. सेराफिन बीअरचा फेस पुसत, बायकोशी बटाट्यांच्या भावावरून बोलत, मधेच ओळ गुणगुणून गेला. दिमफ्नाने हे चांगलं लक्षण मानलं. सेराफिनला तिने विचारलं, कसं होतं?

“काय?” तो म्हणाला. “सुरू झालं का?”

मग कोर्नीलने वाजवलं. त्याने जे निवडलं होतं ते फार अवघड होतं आणि त्याने ते बिनचूक वाजवलं. तिसऱ्या मिनिटाला मुलांनी फुटबॉल थांबवला. कॅफेतल्या लोकांनी वर पाहिलं. शेवटी टाळ्या पडल्या. काहींनी उभं राहून दिल्या. दिमफ्नानेही टाळ्या वाजवल्या, पण बसून.

सातला मुलाखती झाल्या. परीक्षक कुठे बसले होते ते तेव्हा कळलं: जोगिणींच्या वस्तीपलीकडच्या एका शाळेच्या अंगणात. वीर्ला बाहेर आली ती शांत होती. दिमफ्नाने तिला जिन्यातच गाठलं.

“विचारलं?”

“पहिलाच प्रश्न. मूळ गाण्यात सूर उतरतो, तुम्ही शाईने बदललाय, का?”

“आणि तू म्हणालीस, सुचलं.”

“मी पिंपाचं सांगितलं. खुंटीचं, सेराफिनचं, रांगेतल्या माणसांचं.”

दिमफ्ना पायरीवर बसली. “सगळं?”

“पाना हातात घेतला होता, तेही. उट्रेख्टहून आलेले एक गृहस्थ होते, ते जरा चिडले. म्हणाले, पिंप लावणं या पदाचं निम्मं काम आहे, माहीत आहे ना? म्हटलं, आहे. मग चूक सापडल्यावर दुरुस्त का केली नाही? मी म्हटलं, दुरुस्त करायचं तर आता गावाच्या तोंडातला सूरही बदलावा लागेल, ते माझ्या हातात नाही. जागा मिळाली तर खुंटी हलवाल का? नाही म्हटलं. पुढच्या ईस्टरला पिंपावरच्या सगळ्याच खुंट्या उतरतील, तेव्हा ती जाईल. पुढचं पिंप लावून झालं की मी खाली उतरून, चौकात उभी राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन. हे गेल्या वेळी केलं नाही, ती माझी खरी चूक.”

“ते काय म्हणाले?”

“लिहून घेत होते.”

“चेहरे?”

“चेहरे लिहिताना खाली असतात गं.”

कोर्नीलची मुलाखत लहान झाली. बाहेर येताना तो वीर्लाजवळ थांबला. “पिंपाबद्दल मला कोणी विचारलं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही आधीच सांगितलं असणार.” त्याने हात पुढे केला, तिने तो घेतला. मग तो नगरभवनाच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

निकाल आठला जाहीर व्हायचा होता. आठ झाले. साडेआठ झाले. खिडकीतून ‘नावाड्याची बायको’ आत आली, आणि बाकांवर बसलेले तिघंही या वेळी ती ऐकत होते. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग एका माणसाचा चढलेला आवाज, मग काहीच नाही.

पावणेनऊला चिटणीसबाई बाहेर आल्या. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मतं तीन विरुद्ध दोन अशी पडली आहेत. पण तिघांपैकी एकाने अजून सही केलेली नाही, आणि त्याशिवाय निकाल लागत नाही. उद्या रविवारी सकाळी गावात फिरून पिंप पुन्हा ऐकतो आणि मग करतो, असं त्याने कळवलं आहे. तोवर दोघांपैकी कोणीही मनोऱ्यावर जायचं नाही, खुंटी आहे तिथेच राहू द्यायची.

“तो उट्रेख्टवाला का?” दिमफ्नाने विचारलं.

ते सांगता येणार नाही, असं चिटणीसबाई म्हणाल्या. तिघं कोणाच्या बाजूचे, हेही त्यांनी सांगितलं नाही.